आईकडून आलेली नस

"…मग सर, मेंदूत गाठ आहे असं सांगून टाकू का त्यांना?"

डॉ. टिल्लूसर चहा पीत होते. विचारणारा निनाद त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे निनादलाही ठाऊक होतं, हीच काय ती अडचण.

"काय दिसलं?"

"डोळ्यामागची नस सुजलीय, दोन्हीकडे. नसेचं तोंड फुगलंय, कडा पुसट. रक्तदाब वाढूनही सुजते, पण तो ठीक आहे. म्हणजे गाठच."

बाहेर बाकावर मयूरी रडत होती. पोलीस भरतीत निवड झालेली पोर, नुसत्या डोळ्यांच्या दाखल्यासाठी आली होती. निनादचा चेहरा पाहूनच तिने नोकरीवर पाणी सोडलं होतं.

सरांनी तिला आणि तिच्या आईला, शेवंताबाईंना, आत बोलावलं.

"डोकं दुखतं का गं? वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते?"

"नाही सर. रोज पळते मी."

सरांनी तिच्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं. मग तपासायचं यंत्र निनादच्या हातात दिलं आणि खुर्चीवर शेवंताबाईंना बसवलं.

"माझे डोळे कशाला? मला काय धाड भरलीय? एसटीची पाटी अजून लांबून मीच वाचते."

निनाद नाइलाजाने वाकला… आणि पाहतच राहिला.

"सर, तेच फुगलेलं तोंड. तीच कड."

"आणि कडेवरच्या रक्तवाहिन्या?"

"…लख्ख दिसतायत."

"खरी सूज त्यांना झाकून टाकते."

डोळ्यांच्या सोनोग्राफीत मायलेकींच्या नसेत चुन्याचे बारीक कण चमकले. जन्माची ठेवण, सूज नव्हेच.

मयूरीला हसू फुटलं. शेवंताबाई म्हणाल्या, "नाक बापाचं घेतलंस. निदान हे तरी माझं."

निनादलाही हसू आलं. मनावरचं ओझं उतरलं होतं, आणि युक्तीही गवसली होती.

पुढचे पेशंट आले. उतारवयाचे गृहस्थ, दोन्ही हातांनी डोकं धरलेलं. सोबत बायको.

निनादने लगबगीने खुर्ची पुढे ओढली आणि बायकोला म्हणाला, "बसा काकू, आधी तुमचे डोळे बघू."

सर उठले. रक्तदाबाचा पट्टा निनादच्या खांद्यावर टाकला.

"हा काकांना बांध. नस आईकडून येते, बायकोकडून नाही. काकूंचे डोळे चांगलेच आहेत, त्यांनीच काकांना इथवर आणलंय."