न मोडलेला नियम

"मग माझा नियम मोडला कुठं, माताजी?"

पांढऱ्या साडीतल्या जैन साध्वी, माताजी, भिंतीशी बसल्या होत्या.

वृषभ मगदूम त्यांच्यापासून चार हात लांब, फरशीवर हात जोडून बसला होता. वाटेत मनाशी घोळवलेलं वाक्य एकदाचं तोंडातून बाहेर पडलं होतं. त्यानं शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि उजव्या खांद्यापासून तिरका खाली गेलेला काळपट डाग दाखवला.

"हे बघा. पट्टा लावलेला होता. डॉक्टर म्हणाले, ह्या पट्ट्यानंच वाचलास."

"दिसतंय," माताजी म्हणाल्या.

"मग आई का गेली?"

बस्तीच्या, म्हणजे त्या परगावच्या जैन मंदिराच्या, पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता. आत देवापुढं कुणीतरी लावलेला दिवा वाऱ्यानं आडवा होत होता. माताजींनी मांडीवरची मोरपिसांची पिच्छी उचलली, फरशीवरून वृषभच्या गुडघ्याकडं निघालेल्या मुंग्या हलकेच बाजूला केल्या, आणि पिच्छी पुन्हा मांडीवर ठेवली...

गेल्या चातुर्मासात माताजी वृषभच्या गावच्या बस्तीत मुक्कामाला होत्या. पावसाळ्याचे चार महिने साध्वींनी एका गावी राहायचं आणि एरवी पायी हिंडायचं, अशी रीत. दीक्षा घेतल्यापासून माताजी कुठल्याच वाहनात बसल्या नव्हत्या. आणि वृषभनं तर तेव्हा नुकतीच गाडी घेतलेली. पांढरी, नवी कोरी. लायसनचा कागद अजून गरम आहे, जपून धर, असं मित्र चिडवायचे.

आईनं हट्ट धरला. गाडी आधी माताजींच्या दारात न्यायची आणि एखादा नियम घ्यायचा. त्यांच्यात तसं चालतं. दर्शनाला गेलं की साधू-साध्वींकडून लहानसा नियम मागून घ्यायचा आणि घेतला की मरेस्तोवर मोडायचा नाही. कुणी बटाटा सोडतं, कुणी रात्रीचं जेवण.

वृषभनं ते सगळं आधीच सोडलेलं होतं, आणि हे तो सांगायलाही विसरत नसे.

"मला जरा अवघड द्या, माताजी," तो म्हणाला होता. "सोप्यानं आपलं काय होत नाही."

माताजींनी विचारलं, गाडीतलं सगळ्यात नकोसं काय वाटतं?

तो हसला. पट्टा, म्हणाला. दावं बांधल्यासारखं वाटतं. नाही लावला तर गाडी टुंग टुंग करून डोकं उठवते, म्हणून त्यानं बाजारातून नुसती क्लिप आणून बक्कलात खुपसून ठेवली होती. गाडीला वाटतं पट्टा लावलाय. हे सांगताना स्वतःच्या हुशारीचं त्याला कोण कौतुक.

"तोच नियम घे," माताजी म्हणाल्या. "गाडीत बसलास की पट्टा."

त्याला गंमत वाटली. जी बाई जन्मात गाडीत बसणार नाही, तिला पट्ट्याची काय माहिती? त्यानं तसं विचारलंसुद्धा, आईनं कोपर मारलं तरी.

"मी रस्त्याच्या कडेनं चालते," माताजी म्हणाल्या. "काचेतून आतली माणसं दिसतात."

वृषभनं नियम घेतला. क्लिप उपसून काढली आणि तिथल्या तिथं, बस्तीच्या पायरीवरून, समोरच्या उसात भिरकावली. आईचा ऊर भरून आला.

नियम त्यानं पाळलाही तसाच, डोळ्यांत तेल घालून. गोठ्यापासून फाटकापर्यंत गाडी काढायची असली तरी पट्टा. धुवायला ओढ्यावर न्यायची असली तरी पट्टा. चौकातली पोरं म्हणायची, सरका रे, मगदुमांचं विमान निघालं. तो काच खाली करून सांगायचा, नियम हाय आमचा, तुमच्यानं व्हायचा नाही.

आई मागं बसायची. मागची मरून रंगाची मऊ, जाड कव्हरं तिनंच पसंत केलेली. चपला खाली काढून, पाय वर घेऊन, ओसरीवर बसावं तशी मांडी घालून ती बसायची आणि शेंगा सोलायची. एकदा वृषभची बायको सन्मती म्हणाली, मागंही पट्टा असतो म्हणे, आत्तींना लावूया का? त्यावर आई म्हणाली, मागं कोण लावतंय, मी काय पळून चाललीय? आणि वृषभ आरशात बघून म्हणाला, नियम माझा आहे, आईचा नाही.

ह्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. घरात एकाचा उपवास असला म्हणून दुसऱ्याला कुणी उपाशी ठेवत नाही. ज्याचा नियम, त्याचं पुण्य.

मग उसाचा हंगाम सुरू झाला. मावशीकडून परतताना, दिवेलागणीला, वळणावर उसानं भरलेली ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं ना दिवा, ना चमकणारी लाल पट्टी. वृषभनं ब्रेक दाबला. गाडी थांबता थांबता ट्रॉलीवर गेली. फार जोरात नाही, असं बघायला जमलेले लोक म्हणत होते. पट्ट्यानं वृषभला सीटला धरून ठेवलं.

आईला धरायला काही नव्हतं.

...

"मी मोडला नाही," वृषभ पुन्हा म्हणाला. "मोडला असता तर म्हटलं असतं, माझ्या चुकीचं फळ. आईच्या दिवसांत सगळे विचारत होते, तू नियमाचा माणूस, तुझ्याच घरात कसं? मी काय सांगू त्यांना?"

माताजींनी पिच्छी त्याच्यासमोर धरली. मूठ धरून धरून गुळगुळीत झालेली.

"ही कशासाठी?"

हे त्याला पाठशाळेपासून ठाऊक होतं. बसण्याआधी जागा झाडायची, चालताना पुढची वाट झाडायची, म्हणजे बारीक जीव आपल्याखाली चिरडत नाहीत. सुरुवात त्यानं घडाघडा केली. शेवटाकडं येता येता तो अडखळला.

"मुंगी अंगावर आली तर माझं काय जातं?" माताजींनी विचारलं.

"काही नाही."

"मग मी का बाळगते?"

वृषभची नजर फरशीवर गेली. मुंग्या पुन्हा त्याच वाटेला लागल्या होत्या.

त्यानं कपाळ फरशीला टेकवलं आणि तसाच, वर न बघता बोलला. त्याला दुसरा नियम हवा होता. पहिल्यापेक्षा कडक. आजपासून जन्मात स्टिअरिंगला हात लावणार नाही, हाच द्या.

"आज आलास कशानं?"

"गाडीनं."

"एकटा?"

एकटा कसा? सन्मती होती, पोरगी होती. मघाशी दर्शन घेऊन गेल्या नाहीत का? चेलनाला झोप आली होती, म्हणून दोघी गाडीत जाऊन बसल्या.

"कुठं बसल्या?"

"मागं," वृषभ म्हणाला.

म्हणाला, आणि मग त्यानं तो शब्द ऐकला.

माताजी उठल्या. पुढची फरशी झाडत, सावकाश, त्या बस्तीच्या दारापर्यंत गेल्या आणि वळचणीखाली उभ्या राहिल्या. वृषभ त्यांच्या मागोमाग गेला. त्याला जायचं नव्हतं, पण गेला.

गाडी पायरीला लागूनच उभी होती. पुढची काच नवी होती, बॉनेट नवं होतं. कव्हरं तीच होती. न काढता, वरच्यावर पुसून घेतलेली.

चेलना झोपली नव्हती. मागच्या सीटवर उभी राहून, बापाच्या सीटच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून ती गाडी चालवत होती. तोंडानं टुंग टुंग करत होती. आणि तिच्या शेजारी, आई बसायची त्याच जागी, सन्मती बसली होती.

माताजींना बघून सन्मती लगबगीनं उतरली, पदर सावरून पाया पडली.

"येताना पोर कुठं होती?"

"मांडीवर, माताजी."

"आणि तुझा पट्टा?"

सन्मतीनं नवऱ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. "मागचं बक्कल सापडत नाही," ती म्हणाली. "कव्हराखाली गेलंय. मी एकदा बोलले होते ह्यांना... मग पुन्हा नाही बोलले."

वृषभला सकाळ आठवली. निघताना सगळ्यात आधी त्यानं स्वतःचा पट्टा लावला होता. दोनदा ओढून बघितला होता. मागं वळून बघितलं नव्हतं.

तो पावसात उतरला. मागचं दार उघडून गुडघ्यावर बसला आणि कव्हराखाली हात घातला. कव्हर शिवून घट्ट बसवलेलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी ओढलं. शिवण टरकत गेली. फटीत बोटं घातली तेव्हा आधी शेंगांची टरफलं लागली. मग आईच्या केसांतला आकडा. त्याच्याही खाली, स्पंजात रुतलेलं, बक्कल.

त्यानं ते वर ओढून काढलं.

नव्या गाडीचं पातळ प्लास्टिक अजून त्याच्यावर तसंच होतं.

पावसाचे थेंब त्या प्लास्टिकवर टपटप वाजले. वृषभनं दाराजवळचा पट्टा ओढून घेतला आणि नुसताच, रिकाम्या सीटवरून, बक्कलात घातला. टक्क झालं. इतकं सोपं होतं.

सन्मतीनं ते बघितलं. दुसऱ्या बाजूनं वाकून तिनं चेलनाला उचललं, कडेवर घेतलं, तिच्या डोक्यावर पदर ओढला आणि बस्तीच्या पायऱ्या चढून वळचणीखाली जाऊन उभी राहिली. पोर रडायला लागली. तिला गाडीच हवी होती.

वृषभ भडाभडा बोलायला लागला. सगळी कव्हरं फाडून टाकतो. लहान मुलांची वेगळी खुर्ची मिळते, तालुक्याला जाऊन आजच आणतो. तोवर तुम्ही इथंच थांबा. पुन्हा असं होणार नाही, कधीच होणार नाही.

"सन्मती," तो म्हणाला.

तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं. पोरीची पाठ थोपटत होती.

मग तो खालच्या पायरीशी आला आणि चिखलातच गुडघे टेकून बसला. हातात आईचा आकडा तसाच होता.

"माताजी, आता तरी नियम द्या. कुठलाही द्या."

"नाही."

"मी पाळीन. मरेस्तोवर पाळीन. तुम्हाला ठाऊक आहे, मी मोडत नाही."

माताजींनी त्याच्या हातातल्या आकड्याकडं बघितलं. पाऊस वाढत चालला होता...

"नियमच पाळशील रे, बाळ," त्या म्हणाल्या. "म्हणून तर देत नाही."