भाऊंचे चार थेंब

आमच्या वेंगुर्ल्याचे कादंबरीकार भाऊ परुळेकर गेले आणि महिन्याभरातच बड्या हॉटेलवाल्या खानविलकरांनी आपल्या हॉटेलातल्या एका खुर्चीला हार घातला. "भाऊ तीस वर्षं रोज इथेच बसून आमसुलाच्या पाण्यातली फेणी घ्यायचे," ते भरसभेत म्हणाले.

बंदरावरच्या गुत्त्याची मालकीण रोझमावशी उठली. भाऊंची खरी बैठक तिच्याकडची. खुर्चीखालचा पांढराशुभ्र गालिचा तिने वाकून निरखला.

"शेटानू, पयले चार थेंब भुयेक घातल्याशिवाय भाऊंनी कधी घोट घेवक नाय. माझ्या कोब्यावर तो तांबडो डाग अजून आसा. तुमचो गालिचो मात्र तीस वर्सां तहानलेलोच दिसता!"

सभा खदखदून हसली, खुर्चीवरचा हार उतरला.

आता गुत्ता बंद झालाय. पण त्या कोब्यावर मावशीने अजून फरशी बसवू दिलेली नाही.