दाजीबांचा लखोटा

फार फार वर्षांपूर्वी, तारायंत्र आमच्या बाजूला पोचलंही नव्हतं तेव्हा, आंबेसरीत दाजीबा वकील राहत. दिवसा कायदा आणि पहाटे कविता, असा माणूस. बायका जात्यावर बसल्या, की हे भिंतीपलीकडे दौत-टाक घेऊन हजर!

जिल्ह्याच्या कचेरीतले शिरस्तेदार अंताजीपंत त्यांचे जिवलग स्नेही. दोघांची पत्रं चालत, अर्ध्यात कलमं, अर्ध्यात काव्य. एकदा दाजीबांनी लिहिलं, "जात्यावरची ओवी हीसुद्धा कविताच." पंत पडले पंडित, भडकले. "यापुढे तुमचं पत्र फोडणार नाही," असं कळवून मोकळे झाले. तेव्हापासून, असं म्हणतात, दाजीबांचे लखोटे जसेच्या तसे परत येत.

मग राणू मेंढपाळावर खुनाचा आळ आला. त्या दिवशी तो नदीपल्याड मेंढ्या विकत होता, अख्ख्या बाजारानं पाहिलं होतं. पण साक्षीदार पोचण्याआधीच फाशी ठरली. जिल्ह्याच्या इंग्रज साहेबापुढे मराठी अर्ज वाचायचे ते अंताजीपंतांनीच. दाजीबांनी अर्ज लिहिला, शिवाय "मी हरलो, तुम्ही जिंकलात" असंही लिहिलं. जिवापुढे कसला हट्ट! पण ते सगळं आत. लखोटा न फोडताच परत आला.

फाशी परवावर आली. पहाटे राणूची बायको ठकू शेजारी दळत होती. रडत नव्हती, गात होती.

दोघांचं दळण, बाई, पाखडून घेते गं,
उद्या एकाचं का रे? जात्याला पुसते गं.

दाजीबांचे डोळे भरले. त्यांनी ती ओवी लखोट्याच्या बाहेर, पत्त्याखाली, ठळक लिहिली.

"दाजीसायेब, ह्यानं धनी सुटंल?" ठकूनं विचारलं.

"फोडणार नाही म्हणालाय तो, ठकू. वाचणार नाही असं कुठं म्हणालाय?"

नदीला पूर होता. टपालाचा हरकारा लखोटा डोक्याला बांधून पाण्यात उतरला. असं म्हणतात, पाणी त्याच्या गुडघ्यावर चढलं नाही.

अंताजीपंतांनी लखोटा परत धाडायला उचलला आणि नजर ओवीवर गेली. असं म्हणतात, भर कचेरीत जात्याची घरघर ऐकू आली, साहेबानंसुद्धा मान वर केली.  पंतांनी लखोटा फोडला.

अर्ज वाचला गेला, फाशी थांबली, साक्षी झाल्या, राणू सुटला. त्याच्याच हाती पंतांनी चिठ्ठी दिली, "दाजीबा, हरलो तो मी. ठकूबाईंना नमस्कार सांगावा."

आजही आंबेसरीतून सरकारात अर्ज निघाला, की पाकिटावर दाजीबांच्या नावानं एक ओवी असते. नवे कारकून हसतात. आम्ही म्हणतो, हसा बाबांनो, पण फोडा.