पाठखिंडीतली उलटी पावलं

कुरणवाडीच्या वर दोन काळ्या कड्यांमध्ये फट दिसते, ती पाठखिंड. एका वेळी एकच मेंढी जाईल एवढीच तिची रुंदी. पाहुणे तिथे थांबले की गावातले जुने मेंढपाळ भिवानाना काठी आडवी ठेवून बसतात आणि सांगू लागतात.

खिंडीत मेंढ्या नाहीशा झाल्या तो लोकर कातरायचा दिवस होता, म्हणे. सकाळ नेहमीसारखीच होती. दोघा भावांतला थोरला मायाप्पा अंगणात कातऱ्यांना धार लावत होता. धाकटा धुळा वरच्या माळावरून एकटाच कळप घेऊन येणार होता. दुपारी तो कळपाच्या पुढे चालत आला आणि म्हणाला, "दादा, मागच्या दोन मेंढ्या न्हाईत."

"कळप उधळला व्हता?"

"न्हाई. खिंडीच्या पल्याड होत्या. अल्याड न्हाईत."

मायाप्पा कातऱ्या टाकून उठला. खिंडीत जाऊन आला. कातळावर ठसा नव्हता. मेंढराचा डोळा त्याला पुरता ठाऊक होता. मेंढीची बाहुली आडवी असते. चरायला मान खाली घातली तरी डोळा खोबणीत फिरतो आणि बाहुली जमिनीशी समांतरच राहते. तोंड गवतात असतानाही दोन्ही अंगांचा माळ तिला दिसतो. लांडगा आला असता तर कळप उधळला असता. उधळला नाही, म्हणजे नेणारा ओळखीचा.

धुळ्याचं लग्न नुकतंच झालं होतं आणि सासर नदीपलीकडे होतं. त्या दिवसापासून त्याचं सगळंच संशयाचं झालं. गप्प बसला तर का बसला, घोंगडी धुतली तर का धुतली. पाणवठ्यावर शेजारचा म्हाकू म्हणायचा, "काय धुळाबा, सासऱ्याची मेंढरं तुला लई वळखाय लागली म्हणं." मायाप्पा ऐकायचा आणि म्हाकूला थांबवायचा नाही.

शेवटी त्याने भावाला बिरोबापुढे उभं केलं आणि हळदीचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. धुळ्याने भंडारा उचलला. मायाप्पा म्हणाला, "हात कापतोय तुझा."

"तुला माणूस खोटा, मेंढरू खरं," धुळा म्हणाला. "मग ऱ्हा मेंढरापाशी. तू बोलवाय आलास तरच हा उंबरा चढीन, दादा." बायकोला घेऊन तो नदीपलीकडे गेला.

पुढच्या कातरणीला मायाप्पाने कळप गड्याच्या हवाली केला आणि स्वतः कड्यावर दबा धरून बसला. धुळा येणार, याची त्याला खात्री होती. धुळा आला नाही. लांडगा आला. पोट जमिनीला घासत, शेवटच्या मेंढीच्या बरोबर शेपटामागून आला. मेंढीला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट पाठीमागची एक पट्टी तेवढी दिसत नाही. त्यात कातरणीआधीची दाट लोकर. माळावर ती मान जराशी वळवते आणि मागचं पाहून घेते. खिंडीत वळायला जागा नव्हती. लांडग्याने पाठीवर झेप घेऊन नरडं धरलं, आवाज झाला नाही. पुढची मेंढी चालत राहिली. मायाप्पाच्या हातात काठी होती. ती उचलायचंही त्याला सुचलं नाही, असं सांगतात. मेंढराचा डोळा त्याला ठाऊक होता तो माळावरचा.

आजही पाठखिंडीतून कळप नेताना शेवटचा माणूस मेंढरांकडे पाठ करून, एक हात मागे शेवटच्या मेंढीवर टेकवून, उलटा चालतो. ही आण मायाप्पानेच घातली, म्हणे: मेंढीला दिसत नाही तेवढं माणसानं बघायचं. घाई असली, पाऊस असला, तरी ती कोणी मोडत नाही.

मायाप्पा त्यानंतर पाच वर्षं जगला. उन्हाळ्यात त्या नदीला घोट्याएवढंच पाणी असतं. दोनदा तो काठापर्यंत जाऊन आला, असं भिवानाना सांगतात. धुळ्याला बोलवायला तो पलीकडे गेला नाही.