कारिगमोरचे नावाडी पोरींना आई का म्हणतात

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथं जमीन संपते आणि पुढं नुसता समुद्र, तिथं कारिगमोर नावाचं गाव आहे. तिथला नावाडी ऐंशी वर्षांचा असला तरी चार वर्षांच्या पोरीला "आई, चल गं" म्हणूनच नावेत घेतो. पाहुणे हसतात. मग धक्क्यावर जाळं सांधत बसलेले रुआरी आजोबा जरा सरकून जागा करतात आणि म्हणतात, "बसा. हसण्यासारखं नाही ते."

फार जुनी गोष्ट. या किनाऱ्यावर चर्चची घंटा वाजायच्याही आधीची. त्या काळी इथली माणसं मरणाला फारशी भीत नसत, असं सांगतात. मेल्यावर जीव मावळतीच्या बेटावर जातो, तिथं शीण उतरला की पुन्हा कुणाच्या तरी पोटी येतो, असं ती मानत. बेटाचं दार मात्र वर्षातून एकदाच उघडे, हिवाळा लागतो त्या संध्याकाळी. तोवर गेलेले जीव किनाऱ्यावर थांबत. जीव आपणहून नावेत चढत नाही; नावाड्यानं ओळखून हाक मारावी लागते. चढला तरी दिसत काही नाही, नाव तेवढी पाण्यात खाली बसते.

फिंतन तिथला नावाडी. त्याची आई ब्रोना मासळी चिरायची, काठी टेकत एका पायानं लंगडायची. तिच्या हातांचा वास कधी गेला नाही. वल्हं धरायला तिनंच त्याला शिकवलं. पण मोठा झाल्यावर चार लोकांत तो तिला "ए म्हातारे" म्हणे. एका वर्षी ती वारली, आणि त्याच वर्षी त्या मुलखाचा सरदारही वारला.

दार उघडायच्या संध्याकाळी सरदाराचा जीव नावेत पुढं बसला. फिंतनची छाती फुगली. एवढ्यात खडकावर काठी वाजली.

"फिंतन, थांब रे जरा. आले मी."

"कोण ते?" सरदारानं विचारलं.

"असेल कुणी मासळीवाली."

"तुझ्या नावानं हाक मारते."

"नावाड्याचं नाव सगळ्यांनाच ठाऊक असतं, सरदार," फिंतन म्हणाला, आणि त्यानं नाव लोटली.

वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागं असतं. किनारा दिसेनासा होईपर्यंत तो खडक त्याच्यासमोर होता.

नाव बांधून तो घरी आला. हाक न मिळालेला जीव दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत टिकला तर टिकला, नाहीतर धुक्यात विरून जातो. मग त्याला जन्म नाही. फिंतनला हे ठाऊक होतं. पाऊस लागला की तो दारात येऊन उभा राही. पण खडकापर्यंत जायला त्याला तोंड नव्हतं.

पुढच्या वर्षी सारं गाव आपापल्या माणसांना निरोप द्यायला जमलं. फिंतन हळूच पुटपुटला, "ये." नाव हलली नाही. "ये, म्हातारे." तरी नाही.

"कुणाला बोलावतोस रे?" शेजारीण म्हणाली. "ब्रोनाला तर गेल्या वर्षीच पोचवलीस ना?"

फिंतन गुडघाभर पाण्यात उतरला. "नाही पोचवली," तो म्हणाला. "सरदारासमोर मला तिची लाज वाटली." आणि जत्रेत हरवलेलं पोर ओरडतं तसा तो ओरडला, "आई! आई, चल गं!"

नाव खाली बसली. पण मागच्या टोकाला, मासळीच्या टोपल्या ठेवतात तिथं.

"पुढं बस ना, आई."

"इथंच बरं रे. पुढं कुणी मोठं माणूस यायचं असेल. माझ्या हाताला वास येतो."

मागं बसली, म्हणजे नेमकी त्याच्यासमोर. बेट येईपर्यंत त्यानं मान वर केली नाही म्हणे. वाटेत ती एवढंच बोलली, "पाऊस फार झाला यंदा, नाही?"

ती पुन्हा कुणाच्या घरी जन्मली, ते फिंतनला कधीच कळलं नाही. गावात पोरगी झाली की त्याला वाटे, हीच असेल. म्हणून तो प्रत्येकीलाच आई म्हणू लागला. चार लोकांत, मोठ्यानं.

आजही कारिगमोरला एखादी पोरगी धक्क्यावर आली, की नावाडी आधी उठून उभा राहतो. तिचे हात मासळीनं भरलेले असले, तर तेच हात धरून तिला पुढं नेऊन बसवतो.