फुटाण्याएवढी शांतता

एकदा एका वृद्ध आचार्यांना असा बुद्धिमान शिष्य लाभला, की गुरूंचं वाक्य अर्ध्यावर असतानाच तो ते पूर्ण करून टाकी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत! आचार्यांनी "माझ्यानंतर..." एवढं म्हटलं, की हा कळवळून म्हणे, "गुरुजी, असं अभद्र बोलू नका." ते वाक्य कित्येक वर्षं तसंच अर्धं राहिलं होतं.

डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर इंटरनेट पोहोचवणं हे दोघांचं काम. त्या मुलखापुरता एक लहानसा उपग्रह आकाशात ठेवलेला होता. पृथ्वीच्या चालीनं चालणारा, म्हणून सदैव एकाच जागी असणारा. शिष्य वाडीवाडीत त्याच्या दिशेला तोंड करून अँटेनाच्या छत्र्या बसवी आणि धुक्यात बुडालेल्या दऱ्यांकडे पाहत स्वप्न रंगवी, की आता इथलं कुणी कुणाला दुरावणार नाही.

एके दिवशी एका वाडीतून गेनूबाबांचा निरोप आला, "तुमची छत्री उपटून न्या." बाबांच्या लेकीनं, यमुनेनं, त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीत अबोला होता. आता तिला मुलगी झाली. बारसं आजोळी व्हावं असं दोघांच्याही मनात होतं. म्हणून छत्री बसताच बाबांनी तिला फोन लावला, आणि तिथंच माशी शिंकली.

"मी बोललो की ही गप्प," गुरुशिष्य वाडीत पोहोचताच बाबा आचार्यांना सांगू लागले. "पुन्हा बोलायला घ्यावं, तर मधेच तोंड घालते. वर म्हणते, तुम्हीच मला बोलू देत नाही! बारसं सासरीच उरकणार आहे म्हणे."

शिष्यानं सकाळभर छत्री हलवून पाहिली, तारा तपासल्या. दोष काही सापडेना. आचार्य मात्र ओसरीवर निवांत बसले होते. ते म्हणाले, "बाबा, घरात मूठभर फुटाणे आहेत का?"

शिष्याला वाटलं, गुरुजींना भूक लागली!

फुटाणे आले. आचार्यांनी फोन लावायला सांगितला आणि ते यमुनेला म्हणाले, "ताई, एवढं एकदाच माझ्या म्हाताऱ्याचं ऐका. जवळ शेंगदाणे घेऊन बसा. आपलं बोलून झालं की एक दाणा तोंडात टाकायचा. तो चावून होईतो बोलायचं नाही. बाबाही तसंच करतील."

बाबा करवादले, पण पाहुण्याचा शब्द त्यांनी मोडला नाही.

"यमे, पोरगी कशी आहे गं?" त्यांनी विचारलं आणि फुटाणा तोंडात टाकला. पलीकडे शांतता. शिष्याच्या तोंडाशी आलं होतं, 'अहो बाबा, बोला ना पुढं!' तेवढ्यात आचार्यांनी त्याच्याही तळहातावर एक फुटाणा ठेवला.

"तुमच्यावर गेलीय," आवाज आला. "सदा नाकावर राग. बाबा, तिला घेऊन येऊ का मी?"

बाबांचा फुटाणा काही लवकर चावून होईना. मग ते म्हणाले, "विचारतेस काय, वेडे? ये. पाळणा माळ्यावरून काढून ठेवलाय."

पुन्हा शांतता पडली. बाबा डोळे पुसत थांबले.

"येते, बाबा," यमुना म्हणाली. ती रडत होती.

परतताना डोंगरावर संध्याकाळ निळसर होत चालली होती. शिष्यानं विचारलं, "गुरुजी, बिघाड होता तरी कुठं?"

"यंत्र ठणठणीत आहे रे," आचार्य म्हणाले. "बापाचा शब्द छत्तीस हजार किलोमीटर वर चढतो, तेवढाच खाली उतरतो, तेव्हा लेकीच्या कानी पडतो. तिचं उत्तरही त्याच वाटेनं येतं. मधे क्षणभर शांतता पडते. मनं दुखावलेली असली, की माणसाला त्या शांततेतही राग ऐकू येतो. मग तो बोलू लागतो, आणि बिचारं उत्तर अजून वाटेतच असतं."

शिष्यानं दक्षिणेच्या आकाशाकडे पाहिलं. तिथं दिसण्यासारखं काहीच नव्हतं. तरी त्याला वाटलं, सगळ्या वाड्यांचे शब्द आत्ता तिथं वर चढताहेत, उतरताहेत, आणि खाली कुणीतरी जिवाचा कान करून त्यांची वाट पाहतंय.

"माझ्यानंतर..." आचार्य चालता चालता म्हणाले.

शिष्याचं तोंड उघडलं. त्यानं मघाचा, खिशात जपून ठेवलेला फुटाणा काढून त्यात टाकला.

आचार्य जरा थांबले, हसले. मग म्हणाले, "माझ्यानंतर या वाड्यांवर तू येत जा. छत्री बिघडलेली नसली तरी ये. माणसं बोलत असली, की जवळ नुसता बसत जा."

शिष्याला भरून आलं. एवढंच सांगायला गुरुजी इतकी वर्षं थांबले होते.