रांजणातलं शिळं पाणी

मला भांड्यांची बोली येते. म्हणजे बायको ती आदळते, तेवढीच कळते.

फार मागे, एका दुष्काळात, टँकर आठवड्याला घरटी एकच हंडा पाणी द्यायचा. एकदा भरलेला हंडा डुलत घरी आला नि तळाला थोडं पाणी उरलेल्या रांजणावर खेकसला, “रांजणबाबा, कलंडा! तुमचं पाणी शिळं झालं.”

रांजण गोंधळला. “मागे एकदा तुझं ऐकून कलंडलो, तर घरची माणसं दोन दिवस तहानेनं तडफडली रे. तुझं पाणी कुठलं?”

“धरणातलं. एकदम ताजं!”

“धरणात कधी आलं?”

“गेल्या पावसाळ्यात.”

“मग तिथं आठ महिने राहून ताजं, नि माझ्या पोटात आठ दिवसांत शिळं कसं झालं, बाळा?”